मोटारीचे वय आणि निर्मात्याचे उत्तरदायित्व

जुन्या मोटारीच्या मालकाच्या घरी एके दिवशी टपालाने एक पत्र येते. पत्र मोटार बनविणाऱ्या कंपनीचे असते. मोटार घेऊन दहा-बारा वर्षे लोटलेली असतात, हमीची मुदत केव्हाच संपलेली असते आणि त्या कंपनीशी आपला काही संबंध उरला आहे, हेही मालकाच्या ध्यानी नसते. पत्रात लिहिलेले असते, की आपल्या मोटारीच्या एका भागात सुरक्षिततेला बाधक असा दोष आढळला आहे. तो भाग कंपनी विनामूल्य बदलून देईल. मात्र बदली भाग सध्या उपलब्ध नाहीत, ते येताच पुन्हा कळविण्यात येईल. धोका आहे असे सांगणारे आणि उपाय तूर्त नाही असेही सांगणारे हे पत्र हाती घेऊन मालकाने करावे तरी काय? मोटार दारात उभी असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर तर जावयाचेच असते.

अशा आशयाची पत्रे अमेरिकेत २०१४ नंतरच्या काही वर्षांत असंख्य घरी गेली. त्यांचा विषय होता टाकाटा ह्या जपानी कंपनीने बनविलेल्या एअरबॅगचा. दोषी ठरलेल्या मोटारी कंपनीने परत बोलावून दुरुस्त करून देण्याच्या ज्या पद्धतीला ‘रिकॉल’ म्हणतात, तिच्या इतिहासात एवढे मोठे प्रकरण दुसरे नाही. एकट्या अमेरिकेत १९ मोटार-कंपन्यांच्या गाड्यांतील सुमारे ६ कोटी ७० लक्ष एअरबॅगा त्यात मोडल्या. साऱ्या जगाचा हिशेब केला, तर हा आकडा १० कोटींच्या घरात जातो. परंतु ह्या प्रकरणाचे महत्त्व केवळ आकड्यांत नाही. जो दोष काळाबरोबर वाढत जातो, त्याच्याशी गाठ पडली असता, नव्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून उभारलेली सारी व्यवस्था कशी तोकडी पडते, हे त्यातून दिसून आले.

कायद्याचा उगम

मोटार विकल्यानंतरही तिच्या दोषाबद्दल निर्माता उत्तरदायी आहे, ही कल्पना फार जुनी नाही. १९६५ मध्ये राल्फ नेडर ह्यांनी अमेरिकी मोटारींच्या असुरक्षित रचनेवर कठोर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९६६ मध्ये तेथे मोटारींच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला. ह्या पहिल्या कायद्याने निर्मात्यावर घातलेले बंधन दोष कळविण्यापुरतेच होते. दुरुस्तीचा खर्च त्याने सोसावा, असे त्यात नव्हते. १९७४ च्या सुधारणेने तीही जबाबदारी त्याच्यावर आली.

तथापि विनामूल्य दुरुस्तीला कालमर्यादा होती. मोटार प्रथम विकली गेल्यापासून ८ वर्षांपर्यंतच हा हक्क चाले. २००० साली ही मर्यादा १० वर्षांवर आणि २०१५ साली १५ वर्षांवर नेण्यात आली. हा बदल का करावा लागला, हे समजणे अवघड नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील रस्त्यावरच्या मोटारीचे सरासरी वय सहा वर्षांहून कमी होते. आज ते १२ वर्षांहून अधिक आहे. पत्रे गंजरोधक झाले, इंजिने टिकाऊ झाली, नव्या गाड्यांच्या किमती चढल्या आणि लोक तीच गाडी दीर्घकाळ वापरू लागले. यंत्राचे आयुष्य वाढले. त्याच्या मागोमाग कायद्याला आपली मुदत वाढवीत यावे लागले.

पिशवी कशी फुगते

एअरबॅग म्हणजे नायलॉनच्या कापडाची, घडी घालून ठेवलेली पिशवी. चालकासाठी ती स्टीअरिंगच्या मध्यभागी आणि शेजारच्या प्रवाशासाठी समोरच्या फळीत बसविलेली असते. जोराची टक्कर होताच संवेदक विजेचा संकेत देतो. त्या संकेताने धातूच्या एका भक्कम डबीत ठेवलेल्या रसायनाच्या वड्या पेट घेतात. त्यांच्या ज्वलनातून निर्माण होणारा वायू डबीच्या छिद्रांतून पिशवीत शिरतो आणि सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात पिशवी फुगते. पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो.

साऱ्या योजनेचे मर्म वड्यांच्या ज्वलनाच्या वेगात आहे. वेग कमी पडला, तर पिशवी वेळेवर फुगणार नाही. अधिक झाला, तर वायूचा दाब डबीला पेलवणार नाही. हा वेग मुख्यतः ज्वालेला किती पृष्ठभाग उघडा मिळतो, यावर अवलंबून असतो. चुलीत लाकडाचा ओंडका घातला, तर तो बराच वेळ जळत राहतो. त्याच ओंडक्याच्या ढलप्या काढल्या, तर त्या झटकन भडकतात. लाकूड तेच, वजनही तेच. वाढतो तो केवळ पृष्ठभाग. म्हणूनच एअरबॅगमधील वड्या ठराविक आकाराच्या व घट्ट दाबलेल्या असाव्या लागतात, आणि पंधरा-वीस वर्षांनंतरही त्या तशाच राहाव्या लागतात.

पूर्वी ह्या कामी सोडियम ॲझाइड हे विषारी रसायन वापरीत. पुढे कंपन्या अन्य पर्यायांकडे वळल्या आणि टाकाटाने ह्या शतकाच्या आरंभी अमोनियम नायट्रेटचा अवलंब केला. हे रसायन स्वस्त असते, जळल्यावर त्याचा जवळजवळ सर्व अंश वायुरूप होतो आणि त्यामुळे डबी लहान व हलकी करता येते. परंतु त्याच्या अंगी दोन अवगुण आहेत. तापमान सुमारे ३२ अंश सेल्सियसवर गेले, की त्याच्या स्फटिकांची रचना पालटते व आकारमान बदलते. दुसरे म्हणजे ते हवेतील आर्द्रता ओढून घेते. पहिल्या अवगुणावर दुसरे क्षार मिसळून उपाय करण्यात आला होता. दुसरा मात्र पुरता आटोक्यात आला नव्हता.

आर्द्रता, उष्णता आणि काळ

पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली, तर मिठाला पाणी सुटते आणि ऊन पडल्यावर त्याचेच खडे बनतात, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. मोटारीतील बंद डबीतही काहीसे असेच, परंतु अतिशय मंद गतीने घडत होते. डबीच्या सांध्यांतून थोडी आर्द्रता आत शिरत असे. दिवसा उन्हात उभी असलेली गाडी तापे, रात्री ती निवे. उष्णतेच्या ह्या रोजच्या चढउताराबरोबर आर्द्रता वड्यांतून बाहेर पडे आणि पुन्हा त्यांत मुरे. अशा हजारो आवर्तनांनंतर वड्या किंचित फुगत, त्यांची घनता घटे आणि त्यांच्या अंतर्भागात सूक्ष्म छिद्रे पडत. घट्ट ओंडक्याच्या जणू ढलप्या होत. मग टक्करीच्या क्षणी ह्या वड्या अपेक्षेपेक्षा फार वेगाने जळत, दाब अनावर होई आणि धातूची डबी फुटून तिचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर व गळ्यावर जात. जी टक्कर एरवी किरकोळ ठरली असती, तीच अशा वेळी प्राणघातक होई.

दहा मोटार-कंपन्यांनी मिळून स्वतंत्र तज्ज्ञांकडून ह्या प्रश्नाची तपासणी करविली. तिचे निष्कर्ष २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. आर्द्रताशोषक द्रव्याची जोड नसलेले अमोनियम नायट्रेट, आर्द्रतेला वाट देणारी डबीची रचना आणि दमट हवेत दीर्घकाळ सोसावा लागलेला तापमानाचा चढउतार, ही तीन कारणे एकत्र आली म्हणजे डबी फुटते, असे त्यांत म्हटले होते. ह्यांपैकी पहिली दोन कारखान्यात निर्माण झालेली आहेत. तिसरे कारण मात्र मालकाच्या अंगणात, वर्षानुवर्षे, कोणाच्याही नजरेस न येता साचत जाते.

येथे झीज आणि दोष ह्यांतील भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. टायर गुळगुळीत होतात, ब्रेकचे पट्टे झिजतात, रबरी नळ्यांना चिरा जातात. हा वापराचा धर्म आहे आणि तो खर्च मालकाने करावा, हे योग्यच आहे. तो टायर पाहू शकतो, ब्रेकचा आवाज ऐकू शकतो. परंतु बंद डबीतील वडी त्याला दिसत नाही, त्याच्या नेहमीच्या मिस्त्रीलाही दिसत नाही. जो ऱ्हास मालकाला ओळखता येणे शक्यच नाही, त्याची खबर घेण्याचे काम ज्याने ती वस्तू घडविली त्याचेच असावयास हवे.

पत्र आले, भाग आला नाही

टाकाटाच्या एअरबॅगांमुळे मोटारी परत बोलावण्याचा पहिला प्रसंग २००८ च्या नोव्हेंबरात आला. त्या वेळी होंडा कंपनीच्या सुमारे ४,००० गाड्यांपुरताच तो होता. कारखान्यातील एखाद्या तुकडीत चूक झाली असावी, असा समज होता. २००९ च्या मे महिन्यात अमेरिकेत पहिला मृत्यू घडला. त्यानंतर बोलावण्याची व्याप्ती पुनःपुन्हा वाढवावी लागली. अखेर २०१५ च्या मे महिन्यात टाकाटाने दोष राष्ट्रव्यापी असल्याचे मान्य केले आणि पुढील वर्षी आणखी साडेतीन ते चार कोटी डब्या यादीत आल्या.

एवढ्या डब्या एकदम कोठून आणावयाच्या? त्या बनविणारे कारखाने जगात मोजकेच होते आणि नव्या गाड्यांसाठीही त्यांच्याकडेच मागणी होती. तेव्हा अमेरिकी शासनाने क्रम ठरविला. जुन्या गाड्यांना आणि फ्लॉरिडा, टेक्सस, हवाई, प्वेर्तो रिको अशा उष्ण व दमट प्रदेशांतील गाड्यांना अग्रक्रम देण्यात आला. थंड प्रदेशांनी थांबावयाचे होते. शास्त्रीय दृष्टीने हा क्रम अगदी बरोबर होता. परंतु थांबणाऱ्याच्या बाजूने पाहता, धोका मान्य करून त्याला रांगेत उभे करण्यात आले होते.

मालकांच्या वैतागाची कारणे याहूनही अनेक होती. दोष नोंदविल्यापासून ठराविक दिवसांत मालकांना कळविलेच पाहिजे, असा अमेरिकेतील नियम आहे. मग बदली भाग तयार असोत वा नसोत. म्हणून पहिले पत्र केवळ इशारा देई आणि दुसरे पत्र महिनोन्महिने येत नसे. दरम्यान पुढील आसनावर कोणासही बसवू नये, असा सल्ला काही मालकांना मिळाला. दुरुस्ती होईपर्यंत दुसरी गाडी देणे कंपनीवर बंधनकारक नव्हते. काही कंपन्यांनी ती दिली, काहींनी दिली नाही. ज्यांचे काम प्रथम झाले, त्यांपैकी अनेकांच्या गाडीत जुन्या डबीच्या जागी त्याच जातीची नवी डबी बसविण्यात आली. नवी असल्यामुळे ती तूर्त सुरक्षित होती. परंतु काही वर्षांनी तीही बदलावी लागणार होती. एकदा रजा काढून, दूरच्या दुरुस्तीकेंद्रात दिवस घालवून आलेल्या माणसास त्याच कामासाठी पुन्हा बोलावणे आले, तर त्याचा विश्वास उडावा, यात नवल नाही.

अशा वैतागाचा परिणाम केवळ चडफडण्यापुरता राहत नाही. कंटाळलेला मालक पुढचे पत्र उघडत नाही.

पत्ता हरवलेली गाडी

मोटार जुनी होते, तशी ती हात बदलते. पहिला मालक कंपनीच्या दप्तरात असतो. दुसरा बहुधा नोंदणीच्या कागदांत सापडतो. तिसऱ्या-चौथ्याचा पत्ता लागेलच, असे नाही. गाडी लिलावात जाते, अपघातात मोडून पुन्हा उभी राहते, तिची एअरबॅग भंगारातून काढून दुसऱ्याच गाडीत बसविली जाते. ह्या प्रवासात गाडीची किंमत उतरत जाते आणि ती अशा लोकांच्या हाती येते, ज्यांना एक दिवसाची मजुरी बुडविणेही परवडत नाही. धोका जेथे सर्वाधिक, तेथेच पत्राची पोहोच सर्वात कमी, असा हा विपरीत योग आहे.

२०१६ च्या जूनमध्ये अमेरिकी शासनाने जाहीर केले, की २००१ ते २००३ ह्या वर्षांतील होंडाच्या काही गाड्यांतील डब्या टक्करीत फुटण्याची शक्यता प्रयोगशाळेतील परीक्षणात ५० टक्क्यांपर्यंत आढळली आहे. अशा गाड्या दुरुस्तीकेंद्राकडे नेण्याखेरीज चालवूच नयेत. त्यानंतर तीनच महिन्यांनी कॅलिफोर्नियात नेमक्या अशाच एका २००१ च्या गाडीत चालक स्त्रीचा मृत्यू झाला. त्या गाडीच्या निरनिराळ्या नोंदणीकृत मालकांना आजवर वीसहून अधिक पत्रे पाठविली होती, असे कंपनीने सांगितले. दुरुस्ती मात्र एकदाही झालेली नव्हती. पत्रे गेली होती, हे खरे. परंतु पत्र जाणे आणि डबी बदलली जाणे, ह्या दोहोंत केवढे अंतर असू शकते, ते ह्या एका घटनेने दाखवून दिले.

अमेरिकेत ह्या दोषाने २५ हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडो जखमी झाली. मलेशिया व ऑस्ट्रेलिया येथेही बळी गेले. टाकाटाने परीक्षणाची खोटी माहिती मोटार-कंपन्यांना पुरविली होती, हेही उघड झाले. २०१७ च्या जानेवारीत तिने अपराध मान्य करून १०० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिचे दिवाळे निघाले. दोषी भाग बनविणारी कंपनी राहिली नाही. तिने बनविलेल्या डब्या मात्र जगभरच्या गाड्यांत राहिल्या.

ऑस्ट्रेलियाने काढलेला मार्ग

ऑस्ट्रेलियात २०१७ च्या जुलैमध्ये सिडनी येथे एका चालकाचा मृत्यू झाल्यावर शासनाने कंपन्यांच्या स्वेच्छेवर विसंबणे सोडले. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर सक्तीचा आदेश निघाला. ३० लक्षांहून अधिक गाड्यांतील ४० लक्षांहून अधिक एअरबॅगा २०२० च्या ३१ डिसेंबरपर्यंत बदलल्या पाहिजेत, असे त्यात फर्मावले होते. कामास एका दिवसाहून अधिक वेळ लागणार असेल, तर मालकाच्या जाण्यायेण्याची सोय कंपनीने करावयाची होती. केवळ पत्र पाठवून भागणार नव्हते. निरनिराळ्या मार्गांनी पुनःपुन्हा संपर्क साधावा लागणार होता. सर्वात धोकादायक गाड्या दुरुस्त न झाल्यास काही राज्यांनी त्यांची नोंदणीच रद्द केली. मुदत संपली, तेव्हा यादीतील जवळजवळ प्रत्येक गाडीचा हिशेब लागला होता: एकतर ती दुरुस्त झाली होती, नाहीतर ती रस्त्यावर उरलेली नव्हती.

ह्या यशाचे रहस्य गुंतागुंतीचे नाही. एकीकडे कंपनीचे काम पत्र टाकल्यावर नव्हे, तर डबी बदलल्यावर पूर्ण झाले, असे मानण्यात आले. दुसरीकडे मालकाचा वेळ आणि त्याची गैरसोय ह्यांचीही गणना खर्चात करण्यात आली.

भारतातील व्यवस्था

भारतात मोटार उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळावयाची संहिता स्वीकारली. टाकाटाच्या एअरबॅगा असलेल्या गाड्या येथेही परत बोलावण्यात आल्या. २०१८ च्या जानेवारीत होंडाने २०१३ साली तयार झालेल्या २२ हजारांहून अधिक गाड्या ह्याच कारणासाठी बोलाविल्या होत्या. पुढे मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ह्या कायद्याने दोषी गाड्या परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार शासनास मिळाला आणि त्याखालील नियम २०२१ च्या १ एप्रिलपासून अमलात आले. त्यांत १० लक्षांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्या देशात पूर्वी सारे काही निर्मात्याच्या मर्जीवर होते, तेथे हे पाऊल निश्चितच महत्त्वाचे आहे.

परंतु ही सक्ती सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरतीच आहे. याउलट टाकाटाच्या डब्या बसविल्यापासून ६ ते २५ वर्षांच्या काळात धोकादायक होतात, असे ऑस्ट्रेलियाच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने सांगितले होते. ही दोन परिमाणे शेजारी ठेवली, म्हणजे उणीव आपोआप स्पष्ट होते. ज्या दोषाला पिकावयास दहा वर्षे लागतात, तो सात वर्षांच्या मुदतीत पकडला जाणे कठीण. कोकणपट्टी, केरळ, चेन्नई, कोलकाता येथील हवा फ्लॉरिडाहून कमी उष्ण वा कमी दमट नाही. शिवाय चालकापुढील एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून येथील नव्या मोटारींत सक्तीची झाल्यामुळे, वय वाढत चाललेल्या एअरबॅगांची संख्या येत्या काळात वाढतच जाणार आहे. त्या टाकाटाच्या नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पुढचा दोष कोणत्या भागात, किती वर्षांनी प्रकट होईल, हे आज कोण सांगू शकेल?

निर्मात्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. प्रत्येक जुन्या नमुन्याचे सुटे भाग अनंत काळ साठवून ठेवणे शक्य नाही आणि प्रत्येक मोडतोडीस कारखाना जबाबदार नसतो. म्हणून कालमर्यादा असू नये, असे कोणी म्हणत नाही. ती मर्यादा विक्रीच्या सोयीवरून न ठरविता, तो भाग किती वर्षे निर्दोष राहणे अपेक्षित आहे, यावरून ठरावी, एवढेच टाकाटाच्या प्रकरणावरून म्हणता येईल. ब्रेक, स्टीअरिंग आणि एअरबॅग ह्यांचे आयुष्य गाडीच्या आयुष्याएवढेच असावे लागते.

मालकाच्या हातीही काही गोष्टी आहेत. प्रत्येक मोटारीला सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक असतो आणि तो नोंदणीपत्रावर छापलेला असतो. तो अधिकृत दुरुस्तीकेंद्रास दाखविला किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर भरला, तर त्या गाडीसाठी काही बोलावणे प्रलंबित आहे काय, ते कळू शकते. जुनी गाडी विकत घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याबरोबर ही एक चौकशी अवश्य करावी. नोंदणी स्वतःच्या नावे तत्काळ करून घ्यावी आणि पत्ता बदलल्यास कळवावा. कारण इशाऱ्याचे पत्र नोंदणीत असलेल्या नावाचाच माग काढीत येते. आणि असे पाकीट आलेच, तर गाडी जुनी झाली म्हणून ते बाजूला ठेवू नये. गाडी जुनी झाली, हेच ते उघडण्याचे सर्वात सबळ कारण आहे.